एक ओळ खाली

अण्णांचा नियम होता की कारखान्याचा कुठलाही मोठा निर्णय घरी घ्यायचा नाही. घरात चिडलेल्या माणसाला आपटायला दार मिळतं, असं त्यांचं म्हणणं. कारखान्याच्या जेवणघराला दार नव्हतं, नुसती कमान होती. रागावून उठलेला माणूस फार तर पाण्याच्या नळापर्यंत जायचा आणि भांडं भरून परत यायचा. अण्णांना जाऊन एकोणीस वर्षं झाली होती, त्यांच्या थोरल्या मुलाला, म्हणजे वहिनींच्या यजमानांना, जाऊन पाच. तरी त्या रविवारी सकाळी सगळे त्याच लांब बाकांवर येऊन बसले होते. यंत्रं बंद होती, त्यामुळे कपात फिरणारे चमचेसुद्धा मोठ्याने ऐकू येत होते.

वहिनींनी कार्डांचा पत्र्याचा डबा मांडीवरच ठेवला होता. टेबलावर जागा होती, पण त्यांनी ठेवला नाही.

"डब्यात काय लाडू आहेत का?" वन्सं म्हणाल्या. "घट्ट धरून बसलीयस ती?"

"तुमच्यापासून लपवायचे म्हणजे मांडीवरच बरे," वहिनी म्हणाल्या, आणि दोघी हसल्या.

वन्सं पहाटेच दोन गाड्या बदलून आल्या होत्या. अण्णांची ही एकुलती एक मुलगी, जिभेने तिखट आणि मनाने वडिलांवर गेलेली. कारखान्याची तीन मतं होती: एक वहिनींचं, एक धाकट्या दिरांचं म्हणजे भावजींचं, आणि एक वन्संचं. भावजी आपल्या मुलाच्या, बाळच्या, बाजूने होते, वहिनी विरुद्ध. वन्संनी आल्या आल्या हात धुताना वहिनींच्या कानात सांगितलं होतं, "काळजी करू नकोस. आमच्या अण्णांचा आठवडा मोडायला मी काही हात वर करणार नाही."

म्हणजे निकाल वहिनींच्या पदरात पडलेलाच होता. रात्रभर डोळ्याला डोळा न लागलेल्या बाईला त्यामुळे हायसं वाटायला हवं होतं. ते वाटलं नाही, आणि का वाटलं नाही ते त्या डब्यात होतं.

भाच्यापुतण्यांत एकटाच मुलगा म्हणून त्याला घरात सगळे बाळ म्हणत. बाळ आता एकतीस वर्षांचा, सहा फूट उंच. बाहेरच्या मोठ्या कंपनीत पाच वर्षं काढून दोन वर्षांपूर्वी परत आला होता. कारखान्यात त्याला मागून 'आकडेशास्त्री' म्हणत, आणि हे त्याला ठाऊक होतं. त्याने कागदांचा गठ्ठा पुढे घेतला. घसा साफ केला.

"बोलू?"

"थांब, मला चष्मा घालू दे," भावजी म्हणाले. "तू बोललास की मला दिसायला लागतं."

"अहो, कागद त्याच्याकडे आहेत. तुम्हाला काय दिसणार आहे?" धाकटी म्हणाली. ही भावजींची बायको, बाळची आई. माल बांधून पाठवणं आणि परत आलेला उतरवून घेणं हे तिचं खातं.

"माझ्या तीन गोष्टी आहेत," बाळ म्हणाला. "एक, सरकता आठवडा बंद करायचा. दोन, नवी माणसं शिकवायच्या शाळेची शेड मोकळी करून तिथे दुसरं गुंडाळणी यंत्र बसवायचं. तीन, नवी माणसं आपण घ्यायची नाहीत, ठेकेदाराकडून घ्यायची."

वन्संनी बिस्किटाचा तुकडा चहात बुडवला. तो पडला. त्या चमच्याने शोधत बसल्या.

*

सरकता आठवडा म्हणजे काय, हे त्या कारखान्यात कुणाला सांगावं लागत नसे. पण तो सुरू कसा झाला हे आता फक्त दोघींना धड आठवत होतं, आणि त्या दोघीही त्या बाकावर बसल्या होत्या.

एक्केचाळीस वर्षांपूर्वी कारखाना म्हणजे एक शेड आणि बावीस माणसं. तार यायची, गुंडाळणीवर तिची स्प्रिंग व्हायची, भट्टीत ती पक्की व्हायची, घासणीवर तिची टोकं सपाट व्हायची, दाबाखाली तपासली जायची आणि खोक्यात जायची. कोण कुठे उभं राहणार ते दर सोमवारी काळ्या फळ्यावर लिहिलं जाई. डावीकडे कामं, उजवीकडे नावं. वहिनी तेव्हा लग्न होऊन तीनच महिने झालेली तेवीस वर्षांची सून. अक्षर सुरेख, म्हणून अण्णांनी खडू त्यांच्या हाती दिला आणि स्वतः तारवाल्याकडे दोन दिवसांसाठी निघून गेले.

वहिनींनी यादी उतरवली. फक्त नावं एक ओळ खाली सुरू केली. सगळ्यात खालचं नाव उरलं, ते त्यांनी वर मोकळ्या जागी लिहून टाकलं. झालं. गुंडाळणीवाले भट्टीवर, भट्टीवाले घासणीवर, घासणीवाले दाबावर. माणसं फळ्यापुढे उभी राहिली, एकमेकांकडे पाहिलं, आणि गेली नेमून दिलेल्या जागी. नव्या सुनेला, मालकांच्या घरच्या बाईला, तुमचं चुकलं असं सांगणार कोण?

बुधवारी अण्णा परत आले तेव्हा भट्टीपाशी आरडाओरडा चालला होता. एक दणकट गुंडाळणीवाला हातात वाकडी स्प्रिंग नाचवत विचारत होता, "कोण गाढव गुंडाळतो रे असं?"

"तूच," शेजारचा म्हणाला. "हा शुक्रवारचा माल आहे."

अण्णा फळ्यापाशी गेले, वर पाहिलं, खाली पाहिलं. वहिनी कोपऱ्यात पदराचं टोक चावत उभ्या होत्या. अण्णांनी फळा पुसला नाही. "शनिवारपर्यंत राहू दे," म्हणाले. आणि त्या मोसमात परत येणारा माल निम्म्यावर आला, कारण आपलं काम पुढच्याला कसं छळतं हे प्रत्येकाने एकदा स्वतःच्या हाताने सोसलं होतं.

तेव्हापासून दर वर्षी एक आठवडा सगळी माणसं एक ओळ खाली सरकत. कोणता आठवडा ते चिठ्ठी टाकून ठरे, म्हणजे कुणी आधीपासून रजा काढून ठेवायला नको. आठवडा संपला की त्या कामाचा उस्ताद परीक्षा घेई. ज्याला खरंच जमलं त्याच्या कार्डावर वहिनी निळ्या शाईने खूण करत. कुणाला काय काय येतं, हे त्या कार्डांवरून दिसे. एक माणूस आजारी पडला, एक निघून गेला, एकीचं बाळंतपण आलं, तरी काम कधी थांबलं नाही. आजूबाजूचे कारखाने माणसं शोधत वणवण फिरत, आणि वहिनी डबा उघडून म्हणत, "उद्या तिसऱ्या ओळीतली उभी राहील." त्यांच्या कार्डांचं त्या काळी फार कौतुक होतं. बाहेरून लोक बघायला येत.

*

"आठवडा बंद का, ते सांगतो," बाळ म्हणाला. "त्या आठवड्यात माल एक तृतीयांश कमी निघतो. एवढ्यावरून मी बंद करा म्हटलं असतं तर तुम्ही मला हाकलून दिलं असतंत."

"आत्ताही देईन," वन्सं म्हणाल्या.

"ऐका तर आत्या. आधी मी महिन्यामहिन्याने मोजत होतो, आणि मला काहीच दिसत नव्हतं. मग लक्षात आलं, आठवडा दर वर्षी वेगळ्या महिन्यात येतो. म्हणून मी जानेवारीपासून मोजणं सोडलं आणि प्रत्येक वर्षी त्या आठवड्यापासून पुढे मोजलं. जुन्या वह्या काढल्या. सत्तावीस वर्षांच्या."

"त्या वह्या माळ्यावर होत्या ना?" धाकटी म्हणाली. "म्हणून तुझे शर्ट तसे होत होते होय! मी उगाच नवा साबण आणला."

"आई, थांब ना. काकू, तुमच्यासाठी सांगतो." त्याने एक कागद वहिनींपुढे सरकवला. "तेवीस वर्षं, दर वर्षी, आठवड्यानंतर चार महिने परतीचा माल निम्मा होतो. न चुकता. एक वर्षही अपवाद नाही. मी कुठेही नोकरी केली तिथे माणसांवरच्या खर्चाचा असा सरळ परतावा मी पाहिला नाही. तुम्ही आणि अण्णांनी जे केलंय ते लोक पुस्तकातून शिकतात आणि तरी त्यांना जमत नाही."

वन्संनी चमचा खाली ठेवला. भावजींनी चष्मा काढला. हे त्यांनाही नवीन होतं. आपला मुलगा आपल्याच प्रस्तावाविरुद्ध बोलतो आहे की काय, अशा नजरेने ते पाहत राहिले.

"आणि मग," बाळ म्हणाला, "गेली चार वर्षं काहीच नाही. आठवडा होतो, माल कमी निघतो, आणि नंतर परतीचा माल होता तिथेच. थोडा वाढलेलाच. का, ते मला कळत नाही. मी खूप शोधलं. जे पूर्वी चालत होतं ते आता चालत नाही, एवढंच मला दिसतं. म्हणून बंद करा म्हणतोय. आणि लिफ्टवाल्यांचे तपासनीस तीन महिन्यांनी येणार आहेत. त्यांच्या ब्रेकची स्प्रिंग आपण करतो. त्यांनी हात काढून घेतला तर निम्मा कारखाना रिकामा बसेल."

वहिनींनी कागदावरची रेघ पाहिली. तेवीस वेळा उतरलेली आणि चार वेळा सपाट. पोराने सोयीचं तेवढं वेचून आणलं नव्हतं. स्वतःच्या विरुद्ध जाणारी तेवीस वर्षं त्याने आधी मांडली होती आणि नंतर चार. त्याला हवं तर त्याने चारच दाखवली असती, आणि ती खरीच होती.

त्यांना एकदम त्यांच्या यजमानांची आठवण झाली. तेही असंच करायचे. भांडायला निघायचे आणि आधी समोरच्याची बाजू मांडून टाकायचे, मग स्वतःचं काही उरलं तर बोलायचे. कितीदा उरायचंच नाही.

"झालं तुझं?" वन्सं म्हणाल्या. "चार वर्षं वाईट गेली म्हणून तेवीस बुडवायची? उद्या तुझ्या बापाला चार दिवस ताप आला तर काय करशील?"

"अक्का, मला कशाला मध्ये घेतेस?" भावजी म्हणाले.

"तू मध्येच आहेस. उत्पादन कोण बघतं? चार वर्षं तुझं लक्ष कुठे होतं?"

"मी सांगते कुठे होतं," धाकटी म्हणाली. आतापर्यंत तिचा आवाज चेष्टेचा होता, तो बदलला. "चार वर्षं मी दर महिन्याला सांगतेय, परतीचे खोके वाढलेत. यांनी मला काय सांगितलं ठाऊक आहे? खोके नीट बांध म्हणून. मी दोरी बदलली. जाड पुठ्ठा आणला. स्प्रिंग वाकडी आणि मी पुठ्ठा जाड करतेय!"

वन्सं हसायला लागल्या, आणि त्यांच्यामागे भावजीही, ओशाळून. वहिनी हसल्या नाहीत. दोन्ही हातांनी त्यांनी डबा उचलला आणि टेबलावर ठेवला.

"वन्सं, तुमचं मत माझ्या बाजूचं आहे ना?"

"आहे म्हणजे? म्हणून तर आले."

"मग ते जरा हातात ठेवा. आधी मला बोलू द्या."

*

सात आठवड्यांपूर्वी, चिठ्ठी टाकायच्या दिवशी, बाळ फळ्यापाशी येऊन उभा राहिला होता. वहिनी नावं लिहीत होत्या. भावजी एक ओळ खाली, बाळ एक ओळ खाली, धाकटीसुद्धा. त्याने वरपासून खालपर्यंत वाचलं आणि विचारलं, "काकू, यात तुमचं नाव कुठे आहे?"

"माझं? मी लिहिते ना."

"पण तुमचं कामही पुढे कुणाकडे तरी जातच असेल."

एक्केचाळीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. ज्याच्या हातात खडू तो फळ्यावर नसतो, हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं, वहिनींनीसुद्धा. बाळने टोमणाच मारला होता, पण वहिनी रात्री त्यावर विचार करत राहिल्या. आपलं काम म्हणजे माणसं निवडणं, शाळेत सहा महिने तयार करणं. तिथून ती जातात गुंडाळणीवर. सोमवारी त्यांनी फळ्यावर स्वतःचं नाव लिहिलं आणि रीळताईच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

रीळताई म्हणजे गुंडाळणीवरची सगळ्यात जुनी बाई. तारेचं रीळ एकटीने उचलते म्हणून हे नाव. तिसऱ्या दिवशी दुपारी, यंत्राला तेल घालताना, ती मान वर न करता म्हणाली, "वहिनी, एक बोलू? माझ्या कार्डावर भट्टीची खूण आहे."

"आहे ना. तीन वर्षं झाली."

"मला भट्टी येत नाही."

वहिनींना वाटलं, बाई विनयाने बोलते आहे.

"खरंच येत नाही. आम्हा अकराजणांपैकी कुणालाच येत नाही. आम्ही आठवडाभर तिथे बसतो, भट्टीमामा चहा पाजतात, गोष्टी सांगतात, आणि शनिवारी म्हणतात, झालं तुमचं. रोज सकाळी मी मनात म्हणते, आज मामा आजारी पडू नयेत. पडले आणि तुम्ही कार्ड बघून मला बोलावलंत तर मी काय करू?"

वहिनी तेल लागलेल्या हातांनी तशाच भट्टीपाशी गेल्या. भट्टीमामा छत्तीस वर्षांपासून तिथे होते, अजून सोळा आठवड्यांनी निवृत्त व्हायचे होते. ती भट्टी जुनी, तिचा काटा एक सांगे आणि डावा कोपरा दुसरंच करी. ट्रे केव्हा फिरवायचा ते मामा लोखंडाच्या रंगावरून ठरवत. थंड झाल्यावर प्रत्येक ट्रेतली एक स्प्रिंग काळ्या दगडावर टाकत आणि कान देत. आवाज लांबला तर ठीक, तुटला तर पूर्ण ट्रे बाजूला. लिफ्टवाल्यांची अर्धी भिस्त त्या दगडावर होती, त्यांना माहीत नसलं तरी.

"मामा, तुम्ही कुणालाही नाही म्हणत नाही?"

मामांनी नजर चुकवली नाही. "पूर्वी म्हणायचो. दहातल्या सात जणांना म्हणायचो. पण तुम्हीच नियम केलात ना वहिनी, खुणेला पगारवाढ. आता माझ्या एका 'नाही'ने कुणाच्या तरी पोटावर पाय येतो. रोज एकत्र बसून जेवतो आम्ही. कसं म्हणू?"

*

"नियम मी केला," वहिनी म्हणाल्या. रीळताई आणि मामा काय म्हणाले ते त्यांनी जेवणघरात सगळ्यांना सांगून झालं होतं. "हे गेले त्या वर्षी. समोरचा कारखाना आपली माणसं पळवत होता. मला वाटलं, एकेक करून सगळेच जातील. म्हणून मी खुणेला वाढ जोडली. आणि चार वर्षांत एक माणूस गेला नाही. मला केवढा अभिमान होता त्याचा! माणसं राहिली. शिकणं निघून गेलं, ते मला कळलंच नाही. खूण मिळवायला आधी शिकावं लागायचं. मी ती अशी करून ठेवली की नाकारणारा दुष्ट ठरावा."

त्यांनी डबा उघडला. अकरा कार्डं काढून टेबलावर पसरली. सगळ्यांवर सुरेख निळ्या खुणा.

"बाळ, तुझ्या कागदातली ती चार वर्षं माझी आहेत. आठवडा बिघडला नव्हता. कार्डं खोटी झाली होती. हे मला सहा आठवडे ठाऊक आहे आणि मी कुणाला सांगितलं नाही. आज तर सांगायची गरजही नव्हती."

"नव्हतीच!" वन्सं उठल्याच. "अगं, दोन गाड्या बदलून आले मी! मत तुझ्या हातात देत होते. गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"दहा आठवड्यांनी मामा गेले असते, वन्सं."

वन्सं नळापर्यंत गेल्या. भांडं भरलं. परत आल्या आणि पाणी वहिनींपुढेच ठेवलं.

भावजी एकेक कार्ड उचलून पाहत होते. "संपलं मग," ते हळूच म्हणाले. "अकरा खुणा आणि भट्टी येणारा एक. बाळचं बरोबर आहे, वहिनी. मला वाईट वाटतं, पण आठवडा आणि कार्डं दोन्ही आता..."

"नाही बाबा," बाळ म्हणाला.

"नाही काय? तूच मागितलंस!"

"मला कारण सापडत नव्हतं म्हणून मागितलं. ते काकूंनी दिलं." तो उठून कमानीपर्यंत गेला होता आणि उंच माणसं करतात तसा तिच्याखाली वाकला होता, गरज नसताना. "तेवीस वर्षं चाललेली गोष्ट कशाने थांबली ते कळलंय. मग ती बंद कशाला करायची? ते कारण काढायचं. खूण वेगळी, वाढ वेगळी. ज्यांना वाढ मिळाली त्यांची राहील, कुणाचं काही कापायचं नाही. पण भट्टीच्या अकरा खुणा पुसायच्या आणि मामांनी पुन्हा परीक्षा घ्यायची. 'नाही' म्हणायला मोकळं व्हायचं."

"आणि ठेकेदार?" धाकटीने विचारलं.

"ठेकेदाराच्या माणसाला मामा दहा आठवड्यांत काय शिकवतील? ती पण गोष्ट मागे घेतो."

"यंत्र तरी हवंय ना तुला?" भावजींचा आवाज आता रडकुंडीला आला होता. "का तेही नको?"

"यंत्र हवंच आहे. त्याशिवाय लिफ्टवाल्यांचा माल पुरा होणार नाही. आणि शाळेशिवाय दुसरी जागा नाही."

"आहे," वहिनी म्हणाल्या. "माझी खोली."

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. तारेच्या कोठाराला लागून असलेली ती खोली अण्णांनी वहिनींसाठी बांधून घेतली होती. खिडकी, पंखा, भिंतीवर अण्णांचा फोटो.

"मधली भिंत पाडली की यंत्र बसतं. मी मापं घेतलीत. माझं टेबल फळ्याखाली ठेवा. तीन दिवस गुंडाळणीवर उभी राहिले तेव्हा जे कळलं ते त्या खोलीत चार वर्षं बसून कळलं नाही."

"तिथे गोंगाट असतो, ताई," धाकटी म्हणाली.

"असू दे. माझं ऐकणं कमी झालंय असं तुम्ही सगळे म्हणताच."

वन्संनी हात वर केला. कशासाठी ते कुणी विचारलं नाही. भावजींनी बायकोकडे, मुलाकडे, मग वहिनींकडे पाहिलं आणि त्यांनीही केला. वहिनींचा सगळ्यांत शेवटी गेला.

*

सोमवारी सकाळी वहिनींनी अकराजणांना फळ्यापाशी बोलावलं आणि सगळं सरळ सांगितलं. चूक माझी, वाढ तुमची, खूण मात्र पुन्हा मिळवायची. दोघांनी तोंडं पाडली. एकजण पुटपुटला की असं दिलेलं परत घेतात का कुठे. रीळताईने मात्र कार्ड पुढे केलं, वहिनींनी रबर फिरवलं, शाई नीट जाईना, तर ती म्हणाली, "जोरात घासा. जाऊ दे सगळी."

मग भट्टीपाशी गर्दी झाली. यादीत नसताना पहिला उभा राहिला तो बाळ. "पुढे मी चालवणार ना हे? मग मलाही कळू दे." रंग पाहून ट्रे फिरवायची वेळ त्याने सांगितली. मामांनी फिरवला. थंड झाल्यावर दगडावर स्प्रिंग टाकली. बाळने कान दिला, डोळे मिटले, आणि म्हणाला, "ठीक आहे."

मामा वहिनींकडे पाहत होते. वहिनींनी मान डोलावली.

"नाही," मामा म्हणाले.

शब्द काही मोठा नव्हता, पण घासणीवरच्या बायकांनीही तो ऐकला. चार वर्षांत त्या भट्टीपाशी कुणी तो उच्चारला नव्हता, आणि पहिल्यांदा उच्चारला तो मालकाच्या मुलाला. कुणीतरी मागून "आकडेशास्त्री!" म्हणालं आणि एकच हशा उठला. बाळही हसला. "पुन्हा टाका," म्हणाला. मामांनी टाकली आणि सांगितलं, कुठे तुटतो ते. त्याला ऐकू आलं नाही. तिसऱ्यांदाही नाही.

त्या आठवड्यात मामांनी सव्वीस वेळा नाही म्हटलं. पहिल्या काही वेळा त्यांचा आवाज चाचरत होता. बुधवारपर्यंत तो जुन्या मामांचा झाला, आणि डब्याच्या सुटीत कुणी त्यांच्याशी अबोला धरला नाही. उलट माणसं जेवता जेवता ताटावर चमचा आपटून आवाज कसा तुटतो यावर वाद घालू लागली. वहिनी नव्या जागी, फळ्याखाली बसून ते ऐकत होत्या. खोली रिकामी करताना त्यांनी अण्णांचा फोटो तेवढा घरी नेला होता. बाकी काही न्यावंसं वाटलं नव्हतं.

शनिवारी दुपारी रीळताई दगडापाशी उभी राहिली, सहाव्यांदा. मामांनी टाकली. ती थांबली. जरा जास्तच थांबली.

"पूर्ण ट्रे बाजूला काढा," ती म्हणाली. "डावा कोपरा होता ना हा?"

मामांनी ट्रे बाजूला काढला. दुसऱ्या ट्रेतली टाकली.

"ही चालेल."

मामांनी तिसरी टाकली, चौथी टाकली, दोन्ही तिने बरोबर ओळखल्या, मग टाकायला काही उरलं नाही. ते तसेच वळले आणि वहिनींच्या टेबलापाशी आले. वहिनींनी रीळताईचं कार्ड काढलं, पेन उघडलं, आणि मग ते मामांच्या हातात दिलं.

"मी?" मामा म्हणाले. "अहो, माझे हात..."

"तुम्हीच करा. परीक्षा तुम्ही घेतलीत."

मामांनी पेन धरलं तसं ते घसरलं. पुन्हा धरलं. खूण वाकडी झाली आणि तिच्याशेजारी अंगठ्याचा काजळीचा ठसा उमटला. मामांनी घाईघाईने बाही पुढे केली, पण वहिनींनी त्यांचा हात धरला. कार्डावर फुंकर घातली, शाई वाळेपर्यंत थांबल्या, आणि ते डब्यात सगळ्यात पुढे ठेवलं.